क्यूआर संकेत व बिनतारी गृहजालातील अतिथिप्रवेश

घरातील बिनतारी संगणकजालाचे, म्हणजेच वाय-फाय जालाचे, नाव व परवलीचा शब्द एका चौरस संकेतचित्रात नोंदवून, ते चित्र कॅमेऱ्याने वाचताच पाहुण्याचे उपकरण त्या जालाला जोडले जावे, अशी केलेली योजना. या योजनेमुळे पाहुण्यास परवलीचा शब्द विचारावा लागत नाही, यजमानास तो अक्षरशः सांगत बसावे लागत नाही आणि टंकलेखनातील चुकाही टळतात. कागदावर छापलेले वा फोनच्या पडद्यावर दाखविलेले असे चित्र सामान्य स्मार्टफोनला वाचता येते. त्यासाठी निराळे साधन लागत नाही. मात्र या चित्रात परवलीचा शब्द गुप्त केलेला नसतो; तो फक्त यंत्रास सुलभ अशा लिपीत लिहिलेला असतो. त्यामुळे हे चित्र कुलूप नसून किल्ली आहे आणि त्याचा वापर किल्लीप्रमाणेच जपून करावा लागतो. या योजनेचे फायदे व तिच्यातील धोके ही दोन्ही या एका गोष्टीतून उद्‌भवतात.

गृहजाल व त्याचे संरक्षण : घरापर्यंत आलेली इंटरनेटची जोडणी राउटर या उपकरणाला जोडतात. हे उपकरण रेडिओ तरंगांच्या साहाय्याने घरातील संगणक, फोन, दूरचित्रवाणी संच, मुद्रक, कॅमेरे इ. साधनांशी संपर्क ठेवते. या संपर्काचे नियम आयईईई ८०२.११ या मानकाने ठरवून दिले असून त्याची पहिली आवृत्ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘वाय-फाय’ हे व्यापारी नाव १९९९ पासून प्रचारात आले. रेडिओ तरंग भिंतीपाशी थांबत नाहीत. जिन्यात, शेजारच्या सदनिकेत किंवा रस्त्यावर उभ्या असलेल्या व्यक्तीलाही ते ग्रहण करता येतात. म्हणून जालात कोणास येऊ द्यावे हे ठरविणे आणि हवेतून जाणारा मजकूर इतरांस वाचता न येईल असा करणे, या दोन गोष्टी आवश्यक ठरतात.

यासाठी प्रथम वापरण्यात आलेली ‘वेप’ ही संरक्षणपद्धती २००१ मध्ये सदोष असल्याचे सिद्ध झाले. तिच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ व २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ या पद्धती आल्या. घरगुती वापराच्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत ८ ते ६३ वर्णांचा परवलीचा शब्द ठेवावा लागतो. हा शब्द व जालाचे नाव यांवर एक गणिती प्रक्रिया ४,०९६ वेळा करून २५६ द्विमान अंकांची किल्ली तयार होते. जोडणी होताना परवलीचा शब्द स्वतः हवेतून जात नाही. दोन्ही उपकरणांजवळ एकच किल्ली आहे, एवढेच परस्परांस पटवून दिले जाते. तथापि ही प्राथमिक देवघेव टिपून ठेवून नंतर सवडीने निरनिराळे शब्द लावून पाहणे तिऱ्हाइताला शक्य असते. म्हणून डब्ल्यूपीए-२ जालाची सुरक्षितता परवलीचा शब्द तर्काने वा प्रयत्नाने शोधून काढणे किती अवघड आहे, यावर मुख्यतः अवलंबून असते.

व्यवहारात नेमकी येथेच अडचण येते. पाहुण्यास सांगण्यास सोपा म्हणून अनेक घरांत मोबाइल क्रमांक, आडनावापुढे ‘१२३’ किंवा मुलांची जन्मवर्षे असे शब्द ठेवले जातात. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून तो ६, ७, ८ किंवा ९ या अंकाने सुरू होतो. म्हणजे त्याच्या जास्तीत जास्त चारशे कोटी शक्यता होतात. आलेखीय प्रक्रियक असलेल्या संगणकाला एवढ्या शक्यता तपासून पाहण्यास फार काळ लागत नाही. उलट, रोमन लिपीतील लहान-मोठी अक्षरे व अंक मिळून होणाऱ्या ६२ वर्णांतून यदृच्छया निवडलेल्या १६ वर्णांच्या शब्दाच्या शक्यता सु. ४८ या संख्येवर २७ शून्ये देऊन येणाऱ्या संख्येइतक्या असतात. त्या सर्व तपासणे अशक्यप्राय होय. पण असा शब्द लक्षात राहत नाही आणि तोंडी सांगताना शून्य व ‘ओ’, एक व ‘एल’ यांची गल्लत होते. क्यूआर संकेताचा खरा उपयोग या ठिकाणी होतो. शब्द कोणी लक्षात ठेवावयाचा वा सांगावयाचा नसल्याने तो हवा तितका लांब व दुर्बोध ठेवता येतो. म्हणजे योग्य रीतीने वापरल्यास ही योजना सोयीबरोबर संरक्षणातही भर घालते.

क्यूआर संकेत : क्यूआर ही ‘त्वरित प्रतिसाद’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होत. दुकानातील मालावर छापण्यात येणारा रेषांचा संकेत, म्हणजे बारकोड, हा त्याचा पूर्वज होय. अमेरिकेत ओहायओ राज्यातील ट्रॉय या गावी २६ जून १९७४ रोजी अशा संकेताच्या साहाय्याने किराणा दुकानातील पहिली विक्री नोंदविण्यात आली. रेषासंकेतात माहिती फक्त आडव्या दिशेने साठविली जात असल्याने त्याची धारणक्षमता सु. २० वर्णांपुरतीच असते. जपानमधील डेन्सो या मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या उद्योगसमूहात एकेका खोक्यावरील अनेक रेषासंकेत वाचण्यात कामगारांचा वेळ जात असे. ही अडचण दूर करण्यासाठी मासाहिरो हारा यांच्या नेतृत्वाखाली १९९४ मध्ये क्यूआर संकेत तयार करण्यात आला. त्याच्या काळ्या-पांढऱ्या घरांची कल्पना हारा यांना ‘गो’ या पटावरील खेळावरून सुचली. या संकेताचे एकस्व डेन्सो वेव्ह या कंपनीकडे असले, तरी मानकानुसार त्याचा वापर करणाऱ्यांवर आपला हक्क न बजावण्याचे धोरण तिने स्वीकारले. २००० मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. या मोकळ्या धोरणामुळे कारखान्यातील हा संकेत पुढे जगभर पसरला.

क्यूआर संकेत दोन्ही दिशांना माहिती साठवितो. त्याच्या एकूण ४० आवृत्त्या असून सर्वांत लहान आवृत्तीत प्रत्येक बाजूस २१ आणि सर्वांत मोठ्या आवृत्तीत १७७ घरे असतात. प्रत्येक आवृत्तीगणिक बाजूची घरे चारने वाढतात. तीन कोपऱ्यांत असलेल्या मोठ्या चौकटींवरून वाचक उपकरणाला संकेताचे स्थान व दिशा समजते. या चौकटींच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेषा ओढली, तरी काळ्या व पांढऱ्या पट्ट्यांच्या रुंदीचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते. छापील मजकुरात हे प्रमाण क्वचितच आढळत असल्याने ते निवडण्यात आले. त्यामुळे संकेत तिरपा किंवा उलटा धरला, तरी तो वाचता येतो. संकेताभोवती चार घरांएवढी कोरी सीमा सोडावी लागते.

उरलेल्या घरांपैकी बहुतेक घरांत मजकूर व दोषदुरुस्तीसाठी लागणारी जादा माहिती असते. ही दोषदुरुस्ती अर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणिती पद्धतीवर आधारलेली आहे. तिच्या चार पातळ्या असून त्यांनुसार संकेताचा सु. ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग खराब झाला, तरी मजकूर पूर्ववत मिळविता येतो. कागदावर चहाचा डाग पडला अथवा एखादा कोपरा चुरगळला, तरी संकेत चालतो, तो यामुळेच. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. अर्धवट खरवडलेला वा छायाचित्रात थोडासा झाकलेला संकेत निकामी झाला, असे समजता येत नाही.

संकेतातील मजकूर : गृहजालाच्या क्यूआर संकेतात साठविलेला मजकूर साधा व ठरावीक घडणीचा असतो. ही घडण झेडएक्सिंग या मुक्त आज्ञावली-संचाच्या कर्त्यांनी रूढ केली व पुढे निरनिराळ्या फोन-निर्मात्यांनी ती स्वीकारली. प्रत्यक्षात रोमन लिपीत असणारा हा मजकूर देवनागरीत पुढीलप्रमाणे दाखविता येईल :

वायफाय:टी:डब्ल्यूपीए;एस:जालाचे नाव;पी:परवलीचा शब्द;;

यातील पहिला शब्द हा मजकूर कशासंबंधी आहे ते सांगतो. ‘टी’ या अक्षरापुढे संरक्षणपद्धतीचा प्रकार, ‘एस’पुढे जालाचे नाव व ‘पी’पुढे परवलीचा शब्द येतो. राउटर आपले नाव प्रसारित करीत नसेल, तर ‘एच’ हे अक्षर घालून तसे नोंदवावे लागते. प्रत्येक भागाचा शेवट अर्धविरामाने होतो आणि संपूर्ण मजकूर दोन अर्धविरामांनी संपतो. नावात किंवा परवलीच्या शब्दातच अर्धविराम, स्वल्पविराम, अपूर्णविराम, अवतरणचिन्ह किंवा उलटी तिरकी रेघ असल्यास त्या चिन्हापूर्वी एक उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. अन्यथा वाचक उपकरण मजकूर चुकीच्या ठिकाणी तोडते. हाताने तयार केलेला संकेत चालत नसल्यास पुष्कळदा हेच कारण असते.

मजकुराची लांबी वाढली की घरांची संख्या वाढते. जालाचे नाव रोमन लिपीत लिहिलेले ‘पाहुणे’ हे सहा अक्षरी नाव आणि परवलीचा शब्द १६ वर्णांचा असेल, तर एकूण मजकूर ४० बाइटांचा होतो व तो १५ टक्के दोषदुरुस्तीसह २९ × २९ घरांच्या संकेतात मावतो. हेच नाव देवनागरीत लिहिल्यास प्रत्येक अक्षरचिन्हास व मात्रेस सामान्यतः तीन बाइट लागत असल्याने सहा चिन्हांचे १८ बाइट होतात. मजकूर ५२ बाइटांचा होऊन संकेत ३३ × ३३ घरांचा करावा लागतो. जालाच्या नावास ३२ बाइटांची मर्यादा असल्याने देवनागरी नाव सु. दहा चिन्हांत बसवावे लागते. परवलीचा शब्द मात्र रोमन अक्षरे, अंक व सामान्य चिन्हे यांतच ठेवणे इष्ट असते.

संकेत वाचल्यावर फोन हा मजकूर उलगडतो, जालाचे नाव पडद्यावर दाखवून जोडणीची अनुमती विचारतो आणि ती मिळताच परवलीचा शब्द हाताने लिहिल्याप्रमाणे नेहमीच्या पद्धतीने राउटरशी देवघेव सुरू करतो. म्हणजे संकेताचे कार्य येथेच संपते. राउटरला पाहुण्याने शब्द टंकित केला की चित्रातून वाचला, याची काहीच माहिती नसते. संकेत वाचणे या क्रियेस इंटरनेटची आवश्यकता नसते आणि संकेतास स्वतःची अशी मुदतही नसते. जोवर परवलीचा शब्द बदलत नाही, तोवर पहिल्या दिवशी छापलेला कागद पुढेही चालतो.

संकेत तयार करणे : २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ या प्रणालीपासून आयफोनचा कॅमेरा असे संकेत थेट वाचू लागला. २०१९ मधील अँड्रॉइड १० या प्रणालीपासून जोडलेल्या जालाचा संकेत फोनच्या वाय-फाय विभागातूनच दाखविण्याची सोय झाली. त्यापूर्वी मालकाची ओळख पटविण्यासाठी फोन बोटाचा ठसा किंवा पडद्याच्या कुलुपाचा अंक मागतो. २०२४ मधील आयओएस १८ या प्रणालीतील परवलीच्या शब्दांच्या संग्रहातही अशी सोय देण्यात आली. फोनवर दाखविलेल्या संकेताखाली काही वेळा परवलीचा शब्द वाचता येईल अशा अक्षरांतही दिलेला असतो.

कायम वापरासाठी संकेत छापून चौकटीत लावता येतो. तो तयार करून देणारी अनेक संकेतस्थळे आहेत. परंतु तेथे परवलीचा शब्द लिहिणे म्हणजे तो त्रयस्थाच्या हाती देणे होय. म्हणून फोनमधील वा संगणकावर चालणारी, इंटरनेटवर काही न पाठविणारी आज्ञावली वापरणे योग्य. छपाई फिकट पार्श्वभूमीवर गडद रंगाने करावी, कोरी सीमा कापू नये व चकाकणारा कागद टाळावा. चित्राची बाजू वाचनाच्या अंतराच्या सु. एकदशांश असावी, असा ठोकताळा आहे. त्यानुसार तीस सेंमी. अंतरावरून वाचावयाच्या संकेतास तीन सेंमी.ची बाजू पुरते. कॅमेरा नसलेल्या दूरचित्रवाणी संचासारख्या उपकरणांना हा संकेत उपयोगी पडत नाही. तेथे शब्द टंकितच करावा लागतो.

पत्ता व किल्ली : भारतात क्यूआर संकेत सर्वसामान्यांच्या परिचयाचा झाला तो मुख्यतः पैशांच्या देवघेवीमुळे. यूपीआय ही रक्कम हस्तांतरणाची पद्धती २०१६ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या निश्चलनीकरणानंतर किराणा दुकाने, भाजीच्या गाड्या व रिक्षा यांवरही असे संकेत दिसू लागले. दिसण्यात हा संकेत व गृहजालाचा संकेत एकसारखेच असतात. त्यांचा स्वभाव मात्र परस्परविरुद्ध आहे. दुकानदाराच्या संकेतात पैसे कोणाकडे पाठवावयाचे, ते नोंदलेले असते. तो पत्ता आहे व तो जितक्या लोकांनी पाहावा तितके बरे. तो पाहिल्याने दुकानदाराच्या खात्यातून रक्कम काढता येत नाही, कारण व्यवहार पुरा करणारा गुप्त अंक ग्राहकाजवळ असतो. गृहजालाच्या संकेतात मात्र गुप्त शब्दच लिहिलेला असतो. दुकानातील सवयीने हा संकेत दिवाणखान्याच्या भिंतीवर वा दाराबाहेर लावणे म्हणजे दाराची किल्ली खुंटीवर टांगून ठेवणे होय.

अशा किल्लीची नक्कल करण्यास क्षणही पुरतो. समारंभात काढलेल्या छायाचित्राच्या पार्श्वभूमीत संकेत आला व ते छायाचित्र समाजमाध्यमांवर गेले, तर ते पाहणाऱ्या कोणालाही परवलीचा शब्द वाचता येतो; अर्थात त्याचा उपयोग करण्यासाठी त्याला घराच्या आसपास यावे लागते. तसेच एकदा जोडलेल्या फोनमध्ये तो शब्द साठून राहतो. नव्या फोनांवरून पाहुणा स्वतःच तोच संकेत पुढच्या व्यक्तीस दाखवू शकतो. यजमानाने एकास दिलेली किल्ली किती जणांकडे पोहोचली, हे त्यास कळत नाही.

याचे परिणाम केवळ इंटरनेटचा वेग मंदावण्यापुरते मर्यादित नसतात. घरातून झालेला सर्व व्यवहार इंटरनेटवर सामान्यतः त्या जोडणीच्या एकाच सार्वजनिक पत्त्यावरून झालेला दिसतो व सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या नोंदीत तो पत्ता जोडणीधारकाच्या नावे असतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या साखळी बाँबस्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना पाठविलेले धमकीचे ई-पत्र नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या वाय-फाय जोडणीवरून गेल्याचे तपासात आढळले. ही जोडणी असुरक्षित होती आणि चौकशीस प्रथम तोंड द्यावे लागले ते तेथील रहिवाशाला. क्यूआर संकेत तेव्हा या कामी वापरात नव्हते. परंतु आपल्या जालात कोण येते याची जबाबदारी व्यवहारात कोणावर येऊन पडते, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

अतिथिजाल : वरील धोक्यांपैकी काहींवर अतिथिजाल हा उपाय आहे. बहुतेक नव्या राउटरांत एकाच उपकरणातून दोन नावांची स्वतंत्र जाले चालविण्याची सोय असते. त्यांपैकी दुसरे पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. अतिथिजालात आलेल्या उपकरणाला इंटरनेट मिळते. परंतु घरातील संगणक, मुद्रक, साठवणयंत्रे, सुरक्षा कॅमेरे इत्यादींपर्यंत राउटर त्याला पोहोचू देत नाही. अनेक राउटरांत पाहुण्यांची उपकरणे एकमेकांपासूनही वेगळी ठेवता येतात. घरात बैठकीची खोली पाहुण्यास मोकळी असते, पण कपाटाच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या जात नाहीत. ही व्यवस्था तशीच आहे. पाहुण्यावर अविश्वास हे तिचे कारण नव्हे. त्याच्या फोनमध्ये त्याच्या नकळत एखादी घातक आज्ञावली शिरली असेल, तर ती यजमानाच्या उपकरणांपर्यंत पोहोचू नये, हा हेतू असतो.

या व्यवस्थेचा दुसरा लाभ किल्ली बदलण्यासंबंधी आहे. घरगुती जालात सर्वांचा परवलीचा शब्द एकच असल्याने एका व्यक्तीचा प्रवेश कायमचा रद्द करावयाचा, तर शब्दच बदलावा लागतो. मुख्य जालाचा शब्द बदलल्यास घरातील प्रत्येक उपकरण पुन्हा जोडावे लागते आणि या त्रासापायी तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. अतिथिजालाचा शब्द बदलताना यजमानाची उपकरणे अबाधित राहतात. फक्त नवा संकेत छापावा लागतो. लग्नकार्य, गणेशोत्सव यांसारख्या प्रसंगी घरी अनेकांची ये-जा झाल्यानंतर, तसेच पर्यटकांना खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांत प्रत्येक मुक्कामानंतर शब्द बदलणे हितावह असते. पाहुणे नसताना अतिथिजाल बंदही ठेवता येते.

अतिथिजालाच्या मर्यादा मात्र ओळखल्या पाहिजेत. त्यामुळे घरातील उपकरणे सुरक्षित राहतात. पण इंटरनेटवरील सार्वजनिक पत्ता सामान्यतः तोच राहत असल्याने पाहुण्याने केलेला व्यवहार यजमानाच्याच जोडणीवर नोंदला जातो. या बाबतीत संकेत कोणाला दाखवावा याचा विवेक हाच उपाय उरतो. भिंतीवर कायम लावण्याऐवजी तो कपाटाच्या आतल्या बाजूस ठेवावा किंवा मागितल्यावर फोनवर दाखवावा. शिवाय काही राउटरांत अतिथिजाल परवलीच्या शब्दाविना खुले ठेवण्याचा पर्याय असतो, तो टाळावा. मुख्य व अतिथिजाल यांचे परवलीचे शब्द वेगळे असावेत, हे सांगणे नलगे.

अन्य पद्धती व नवी दिशा : शब्द न टंकिता जोडणी करण्याचा प्रयत्न क्यूआर संकेतापूर्वीही झाला होता. डब्ल्यूपीएस या पद्धतीत राउटरवरील कळ दाबून किंवा आठ अंकी क्रमांक देऊन उपकरण जोडता येई. या आठ अंकांतील शेवटचा अंक पडताळ्याचा असून क्रमांकाची तपासणी दोन भागांत होत असल्याने दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो शोधता येतो, हे २०११ मध्ये उघड झाले. त्यामुळे ही क्रमांकाची सोय बंद ठेवावी, असा सल्ला दिला जातो. सोयीसाठी योजलेला आडमार्ग मुख्य दारापेक्षा कच्चा राहिला की सारी व्यवस्था दुबळी होते, याचे हे उदाहरण होय.

डब्ल्यूपीए-२ पद्धतीत आणखी एक उणीव आहे. परवलीचा शब्द माहीत असलेल्या व्यक्तीने दुसऱ्या उपकरणाच्या जोडणीवेळची देवघेव टिपली, तर त्या उपकरणाचे हवेतील संदेशवहन तिला उलगडता येते. डब्ल्यूपीए-३ पद्धतीत प्रत्येक जोडणीची किल्ली अशा रीतीने तयार होते की, परवलीचा शब्द माहीत असूनही इतरांचे टिपलेले संदेशवहन वाचता येत नाही. तसेच टिपलेल्या देवघेवीवरून सवडीने शब्द शोधण्याचा मार्गही बंद होतो. तथापि संकेतचित्रात शब्द उघडाच राहत असल्याने जालात प्रवेश कोणास मिळतो, हा प्रश्न डब्ल्यूपीए-३ मुळे सुटत नाही.

त्या दिशेने टाकलेले पाऊल म्हणजे वाय-फाय अलायन्स या संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केलेली ‘ईझी कनेक्ट’ ही पद्धती होय. हिच्यातही क्यूआर संकेतच वापरतात. परंतु त्यात परवलीचा शब्द नसून उपकरणाची सार्वजनिक किल्ली असते. अशी किल्ली सर्वांना दिसली तरी हरकत नसते, कारण तिची जोडीदार असलेली खाजगी किल्ली उपकरणातच राहते. यजमानाचा फोन नव्या उपकरणावरील संकेत वाचून त्यास ओळखतो व त्या एकाच उपकरणाला उलगडता येईल अशा रीतीने जालाचा प्रवेश देतो. येथे किल्लीचे चित्र दाखविण्याऐवजी येणाऱ्याची ओळख पटवून दार उघडले जाते. पडदा वा कळफलक नसलेल्या घरगुती उपकरणांना ही पद्धती विशेष सोयीची असली, तरी पाहुण्यांसाठी शब्दयुक्त साधा संकेतच अधिक रूढ आहे.

सार्वजनिक ठिकाणी हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. तेथे यजमानाने पाहुण्यास पारखावे यापेक्षा पाहुण्याने यजमानास पारखणे महत्त्वाचे असते. उपाहारगृहातील मूळ संकेतावर दुसरा संकेत चिकटवून ग्राहकांचे फोन भलत्याच जालात ओढणे शक्य असते. म्हणून संकेत वाचल्यावर पडद्यावर येणारे जालाचे नाव तपासूनच अनुमती द्यावी. बहुतेक संकेतस्थळांशी होणारे संदेशवहन स्वतंत्रपणे कूटबद्ध केलेले असल्याने धोका पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, पण तो नाहीसा झालेला नाही.

सारांश, गृहजालाच्या क्यूआर संकेतामुळे परवलीचा शब्द लांब व अवघड ठेवूनही पाहुण्यास क्षणात प्रवेश देता येतो. या सोयीला वेगळे अतिथिजाल, प्रसंगानुसार शब्दबदल आणि संकेत कोठे लावावा याचे तारतम्य यांची जोड दिल्यास आदरातिथ्य व सुरक्षितता ही दोन्ही साधतात.